मोठ्या एंजलला टाकी केवढी?

शोभेच्या माशांचं काम करणाऱ्या आपल्या किनाऱ्यावरच्या गटांपुढे हा प्रश्न येतोच. होमस्टेवाले मोबाईलवर फोटो दाखवून म्हणतात, "ताई, हा निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा मासा आमच्या टाकीत सोडा." टाकी असते तीन फुटी!

फोटोतला मासा म्हणजे एम्परर एंजल. गोड्या पाण्यातल्या लांब परांच्या एंजलशी त्याचं फक्त नाव जुळतं, कूळ वेगळं. हा खाऱ्या पाण्यातला, हिंदी आणि पॅसिफिक महासागरातल्या प्रवाळांत राहणारा. दुकानात मिळतो तो बहुतेक तीन-चार इंचांचा, आणि तेव्हा त्याच्यावर पिवळे पट्टे नसतातच. गडद निळ्या अंगावर पांढरी वर्तुळं असतात, तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. वाढताना रंग पालटतो आणि लांबी 40 सेंटीमीटरपर्यंत जाते, म्हणजे सव्वा फुटाच्या वर.

पोरांचे कपडे आपण वाढत्या अंगाचे शिवतो ना? तसंच इथे. पिल्लू बघून टाकी घेऊ नका.

लांबी सहा फूट, रुंदी दोन, उंची दोन, याच्या खाली मी तरी जाणार नाही. सहा गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे 24 घनफूट. एका घनफुटात साधारण 28 लिटर पाणी मावतं, म्हणजे 680 लिटरच्या आसपास. तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच टाकीत 190 लिटरच बसतं. रुंदीकडे विशेष लक्ष द्या. सव्वा फुटी माशाला दीड फूट रुंदीत वळताना काच लागते. उंच टाकी दिसायला छान, पण हा मासा आडवा फिरणारा. उंची वाढवून लांबीची भरपाई होत नाही.

"मासा टाकीच्या मापानेच वाढतो" हे ऐकलं असेल. खरं नाही ते. तो कोंडून खुरटतो, आजारी पडतो. शिवाय मोठा मासा खातो भरपूर, त्यातून पाण्यात अमोनिया उतरतो. पाणी कमी असेल तर ते विष लवकर चढतं. आणि मोठा एंजल एका टाकीत एकच ठेवा. दोन ठेवले की मारामारी.

आता खर्च. लिटरला 35 ग्रॅम या हिशेबाने पहिल्याच भरणीला 24 किलो मीठ लागतं, तेही मत्स्यालयाचं खास, स्वयंपाकाचं नव्हे. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं तर आणखी सुमारे अडीच किलो. काच, दगड, स्टँड धरून वजन 800 किलोच्या वर जातं, म्हणून माडीवर ठेवण्याआधी इंजिनिअरला विचारायचं. वीज गेल्यावर हवेचा पंप चालू राहील अशी बॅटरीही हवी.

सजावटीला जिवंत प्रवाळ किनाऱ्यावरून आणून देऊ नका. वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, गुन्हा होतो.

तीन फुटी टाकीवाल्याला क्लाऊनफिशची जोडी सुचवा. तीन-चार इंचांचा मासा, त्यात सुखाने राहतो, आणि आपले काही गट तो वाढवतातही. एंजलच हवा म्हणाला, तर दरपत्रकावर पिल्लाच्या किमतीशेजारी पूर्ण वाढीची लांबी, टाकीचं माप आणि महिन्याच्या मिठाचा खर्च लिहून द्या, आणि आगाऊ रक्कम त्यानंतरच घ्या.