पांढऱ्या ढगाखालचा माणूस

वडवणीहून परळीची एस.टी. धरली, की तेलगाव, सिरसाळा मागे टाकत आपण औष्णिक वीज केंद्राच्या गावी पोहोचतो. अशा केंद्रांच्या कूलिंग टॉवरमधून पांढरे लोट निघतात. मुले त्याला धूर म्हणतात, मोठी माणसेही म्हणतात. पण ती असते वाफ. यंत्राची उष्णता घेऊन आलेले पाणी टॉवरमध्ये वरून खाली पडते, वाऱ्याने निवते आणि पुन्हा कामाला लागते. मात्र या वाफेबरोबर पाण्याचे बारीक तुषारही बाहेर पडतात. काळजी करायची ती त्या तुषारांची.

१९७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एका हॉटेलात माजी सैनिकांचा मेळावा भरला. घरी परतलेली माणसे एकामागून एक न्यूमोनियाने आजारी पडली. तिसाच्या आसपास दगावली. पुढच्या वर्षी जंतू सापडला, त्याचे नाव लिजिओनेला. कोमट, साचलेल्या पाण्यात आणि शेवाळी बुळबुळीत तो वाढतो आणि तुषारांवाटे श्वासात शिरतो. पाणी उकळून, गाळून प्यावे, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. इथे मात्र पाणी कोणी पीतच नाही!

मग राखण कोणी करायची? टॉवरवरच्या ऑपरेटरने. गावच्या टाकीत टीसीएल पावडर टाकणारा माणूस ओ.टी. चाचणीचा पिवळा रंग पाहून क्लोरीन उरले का, ते ओळखतो. ऑपरेटरचे काम त्याच जातीचे, पण अधिक नाजूक. नुसते औषध ओतून भागत नाही. क्षार आणि बुळबुळ यांच्या थराखाली जंतू सुरक्षित राहतात. म्हणून आधी सफाई, मग औषध. तुषार अडवणाऱ्या जाळ्या फाटलेल्या नाहीत ना, हे पाहायचे. सफाई करताना योग्य मास्क लावायचा. रोजची नोंद खरी लिहायची. हे सारे का करायचे, ते कळले तरच माणूस रात्रपाळीतही ते चुकवत नाही. प्रशिक्षण म्हणायचे ते यालाच.

आपल्या भागाला आणखी एक धडा लागू आहे. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले होते. त्यातून तिथे कोणता आजार पसरला असे मुळीच नाही. पण बंद पडलेली कोणतीही यंत्रणा पुन्हा सुरू करण्याची घडी जोखमीची असते. साचलेले पाणी काढून, टाकी धुऊन, जंतुनाशक फिरवूनच पंखा सुरू करायचा. २०१५ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूलिंग टॉवरमुळे शंभराहून अधिक माणसे आजारी पडली, तेव्हा त्या शहराने प्रत्येक टॉवरची नोंदणी आणि तपासणी कायद्याने सक्तीची केली.

घरच्या कूलरचा धोका एवढा मोठा नाही. तरी उन्हाळा सरला की पाणी काढून टाकावे आणि टाकी घासून, वाळवूनच तो माळ्यावर चढवावा. आपल्या घरचे ऑपरेटर आपणच!