कोंबड्यांच्या विषाणूंपासून मेंदूच्या कर्करोगापर्यंत

कुक्कुटपालनात पिल्लू आठवड्याचे होते न होते तोच त्याच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटा लशीचा थेंब सोडण्याची रीत आहे; आणि ज्या मानमोडी, म्हणजे राणीखेत रोगापासून हा थेंब पिलाला वाचवतो, त्याच रोगाच्या विषाणूने मेंदूच्या कर्करोगावरील संशोधनात जागा मिळवली.

हा रोग १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे ओळखला गेला, आणि पाठोपाठ कुमाऊँमधील राणीखेत येथे आढळल्याने भारतात त्याला त्या गावाचे नाव पडले. पेशीच्या पृष्ठभागाला चिकटणारे या विषाणूचे प्रथिन, हिमॅग्लुटिनिन-न्यूरामिनिडेज, एकटेही पेशीला ॲपॉप्टोसिसकडे, म्हणजे पेशीने स्वतःच घडवून आणलेल्या शिस्तबद्ध मृत्यूकडे, ढकलू शकते, हे इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत कोंबडीच्या गर्भपेशींवर दिसून आले. म्हणजे कोंबडीची निरोगी पेशीही या प्रथिनाच्या तडाख्यातून सुटत नाही, आणि कर्करोगावर ते वापरण्यातली खरी अडचण इथेच आहे.

म्हणूनच कोंबडीच्या दुसऱ्या एका विषाणूची कथा अधिक मोलाची ठरते. पिलांना रक्तक्षय जडवणारा हा विषाणू १९७९ मध्ये जपानमध्ये सापडला, १९९४ मध्ये नेदरलँड्समधील संशोधक नोटबॉर्न यांच्या गटाने त्याचे अवघ्या १२१ अमिनो आम्लांचे ॲपॉप्टिन हे प्रथिन पेशींना मारते असे दाखवले, आणि १९९७ मध्ये त्याच गटाला आढळले की निरोगी पेशीत ते केंद्रकाबाहेर निमूट पडून राहते, तर कर्कपेशीत केंद्रकात शिरून तिचा अंत घडवते. पी-५३ हे पेशीचे राखणदार प्रथिन बिघडले की कर्कपेशी बऱ्याच औषधांना दाद देत नाही, आणि ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या सर्वांत आक्रमक गाठीत हा बिघाड वारंवार आढळतो. ॲपॉप्टिनला मात्र त्या प्रथिनाची गरजच लागत नाही. पुढे काही प्रयोगांत निरोगी पेशी आणि कर्कपेशी यांतला हा भेद तितका काटेकोर निघाला नाही, तरी कल्पनेचे मोल त्याने कमी होत नाही.

रुग्णांपर्यंत मात्र प्रथिन नव्हे, जिवंत विषाणूच पोचला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधील चाचणीत ग्लिओब्लास्टोमा उलटलेल्या अकरा रुग्णांना राणीखेतचा विषाणू शिरेतून देण्यात आला आणि एकाची गाठ पूर्ण नाहीशी झाली. २०२१ मध्ये जपानने नागिणीच्या कुळातील, जनुकीय बदल केलेल्या हर्पिस विषाणूला मेंदूच्या अशा गाठींसाठी सशर्त मान्यता दिली. पण राणीखेतच्या विषाणूपुरते बोलायचे तर अकरांपैकी एक हा आशेचा धागा आहे, पुरावा नव्हे.

आजही अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या रुग्णासाठी शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड हाच मुख्य मार्ग आहे. किरणोपचाराला या औषधाची जोड दिल्याने रुग्णांच्या जगण्याचा मध्यक काळ १२.१ वरून १४.६ महिन्यांवर गेल्याचे २००५ मध्ये दिसून आले. विषाणूच्या उपचाराचे आश्वासन कोणी दिले, तर ती चाचणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणी-नोंदवहीत आहे का, हे कुटुंबीयांनी पैसे भरण्याआधी तपासून घ्यावे.