दोरी आणि खाडा

आमचं उमापूर गेवराई–शेवगाव रस्त्यावर. गोदावरी ओलांडली की पैठण, आणि तिथून संभाजीनगरकडे जाताना बिडकीन. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्कर मोटर आणि महाराष्ट्र शासन यांच्यात छत्रपती संभाजीनगर परिसरात मोटार कारखाना उभारण्याचा सामंजस्य करार झाला. गुंतवणूक सुमारे २०,००० कोटी रुपयांची, जागा बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीत. तेव्हापासून पारावर एकच प्रश्न : पोराला तिथं चिकटवता येईल का? मी यंत्र अभियांत्रिकी शिकलेला, विद्यार्थी असताना जपानमधला टोयोटाचा कारखाना पाहून आलेला. म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो.

टोयोटा हे शहर नागोयाजवळ आहे. मूळ नाव कोरोमो. १९३८ साली तिथे मोटार कारखाना सुरू झाला आणि १९५९ साली शहरानं कंपनीचंच नाव घेतलं. मुख्यालयापाशी ‘टोयोटा कायकान’ हे प्रदर्शन दालन आहे. तिथल्या चकचकीत गाड्यांपुढे उभं राहून आम्ही पोरांनी हौस होईपर्यंत फोटो काढले. कारखान्यात मात्र फोटोला बंदी. जुळणी विभागावरून जाणाऱ्या उंच मार्गिकेवरून खाली पाहायचं.

खाली पट्ट्यावरून गाड्या सरकत होत्या. प्रत्येक कामगाराला त्याच्या वाट्याच्या कामासाठी जेमतेम मिनिटभर. त्याच्या डोक्यावर एक साधी दोरी होती, एसटीत कंडक्टर घंटीसाठी ओढतो तशी. स्क्रू नीट बसेना, भाग सदोष निघाला, की कामगार ती ओढतो. वरच्या फलकावर त्याच्या जागेचा आकडा पेटतो, एक धून वाजते आणि गटप्रमुख धावत येतो. पट्टा लगेच थांबत नाही. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोचण्याआधी अडचण सुटली तर काम चालूच राहतं; नाही सुटली तर तेवढा भाग थांबतो. या फलकाला ‘अंदोन’ म्हणतात. शब्दाचा जुना अर्थ कागदी कंदील.

ही कल्पना मोटारीतून नव्हे, मागातून आली. साकिची टोयोदा हा १८६७ साली जन्मलेला सुताराचा मुलगा. १९२४ च्या त्याच्या स्वयंचलित मागात ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबे. सदोष कापड पुढे विणलंच जाऊ नये, हा हेतू. शिवाय प्रत्येक मागापाशी माणूस उभा करायची गरज उरली नाही. एकाला अनेक माग सांभाळता येऊ लागले. पुढे त्याचा मुलगा किइचिरो मोटारींकडे वळला, आणि ताइइची ओनो यांनी हेच तत्त्व कारखानाभर पसरवलं. पैठणीच्या विणकराला यात नवल वाटणार नाही. तुटलेला धागा जोडल्याशिवाय तोही पुढचा ठोका मारत नाही.

घरी आल्यावर आईला हे सांगितलं. तिनं सगळं ऐकून एवढंच विचारलं, “आन् दोरी वढली म्हंजी पैशे कापत न्हाईत का?”

तिचा प्रश्न तिच्या कामातून आला होता. आईवडिलांनी माझ्या लहानपणी ऊस तोडला. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि पाच-सहा महिने ती फेडायची. आजारपणानं एक दिवस बुडाला की खाडा. त्याचे पैसे हिशेबातून जातात. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनानं नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कारणं अनेक, पण दुखण्यातही खाडा परवडत नाही, हे त्यांतलं एक. धागा तुटला तरी माग चालू ठेवायचा, असा हा प्रकार.

तरी जपानचं चित्र निव्वळ उजळ नाही. सातोशी कामाता हे पत्रकार १९७२ साली टोयोटात हंगामी कामगार म्हणून दाखल झाले, सहा महिने राबले आणि त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. पट्ट्याचा वेग, थकवा, वसतिगृहातला एकटेपणा त्यात नोंदलेला आहे. हिवाळ्यात शेत सोडून कारखान्यांत जाणारे शेतकरी त्या काळी जपानमध्ये पुष्कळ होते. सहा महिन्यांचं स्थलांतर ही एकट्या बीडची गोष्ट नाही. आणि मार्गिकेवरून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला दोरी दिसते, दोरी ओढणाऱ्याची पाठ किती दुखते ते दिसत नाही. हेही मला नंतरच कळलं.

म्हणून पारावर मी आता दोन गोष्टी सांगतो. एक, आयटीआयचा अभ्यास नीट करा. तिथं हात आणि डोळा दोन्ही लागतात. दुसरी, पगाराबरोबर नेमणूक कायम की हंगामी हे विचारा. आणि दोरी ओढल्यावर जो माणूस धावत येतो, तो ‘काय अडलं?’ विचारतो की ‘का थांबवलंस?’ हे आधीच्या कामगारांकडून जाणून घ्या. कारखाना कसा आहे, ते या एका प्रश्नावरून कळतं.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा आमच्या भागातून कोयत्यांच्या गाड्या निघत असतील. त्यांच्यासाठी दोरी कुठे बांधायची, हा अभियांत्रिकीचाच प्रश्न आहे, असं मला वाटतं. उत्तर आईनं विचारलेल्या प्रश्नापासून सुरू करावं लागेल.