बुजऱ्या घोड्याची पहिली परीक्षा

कुर्डुवाडीचें नांव निघालें कीं डोळ्यांपुढें प्रथम आगगाडी उभी राहते. १८९७ सालीं बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी येथूनच बार्शीकडे धांवूं लागली. तो मार्ग आतां रुंद झाला आहे. परंतु रुळांचा खडखडाट आणि इंजिनाची शिटी यांवांचून या गांवचा एक प्रहरहि जात नाहीं. स्टेशनालगतच्या एखाद्या मळ्यांत वाढलेल्या घोडीला या गोंगाटाचें कांहींच वाटत नाहीं. गाडी शेजारून गेली तरी ती कडब्यांतून तोंड वर काढीत नाहीं. तीच घोडी पुण्याच्या एखाद्या अश्वारोहण क्लबांत न्यावी, तर मैदानाच्या कडेला ठेवलेली फुलांची पांढरी कुंडी दिसतांच ती थबकते, नाकपुड्या फेंदारते आणि स्वाराला सांवरायला अवसर मिळण्यापूर्वींच चार हात बाजूला उडी घेते. आगगाडीला न भिणाऱ्या जनावरानें कुंडीला भ्यावें, याचा मालकाला अचंबा वाटतो. कित्येकदां राग येतो, आणि तो चाबकाच्या रूपानें घोडीच्या अंगावर उतरतो.

वास्तविक यांत घोडीचा हट्ट मुळींच नसतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळें त्याला जवळजवळ सभोंवारचें दिसतें. अगदीं कपाळासमोरचा थोडा भाग आणि थेट शेपटीमागचा भाग तेवढा दृष्टीआड राहतो. माळावर चरतांना श्वापद कोणत्या बाजूनें येईल याचा नेम नसणाऱ्या प्राण्याची ही सोय आहे. आधीं पळावें आणि मग पाहावें, हा त्याचा स्वभावधर्मच होय. संवय त्याला लागते, पण ती त्या वस्तूपुरती आणि बहुधा त्या जागेपुरती. आगगाडी ओळखीची झाली म्हणून कुंडी ओळखीची होत नाहीं. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतील ग्रीक सेनानी झेनोफन यानें आपल्या अश्वविद्येच्या ग्रंथांत बजावलें आहे कीं, भ्यालेल्या घोड्याला मारलें तर त्याची भीति वाढतेच. कारण झालेलें दुःख त्या वस्तूमुळेंच झालें, असें त्याला वाटतें. चोवीस शतकें लोटलीं, तरी तबेल्यांतून हा उपदेश रोज नव्यानें करावा लागतो.

ही संवय कशी लागते याचें उदाहरण सोलापूर जिल्ह्याला दर आषाढांत पाहावयास मिळतें. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यांतील रिंगणाचे अश्व हजारों वारकऱ्यांच्या मधून, टाळमृदंगाच्या गजरांत धांवतात. हे अश्व बेळगांव जिल्ह्यांतील अंकलीहून शितोळे सरदारांकडून येतात, आणि आळंदीपर्यंत पायींच येतात. मग पुन्हां आळंदी ते पंढरपूर वाट असतेच. दिवसामागून दिवस नवें गांव, नवी माणसें, नवे आवाज असें सर्व पावलापावलानें त्यांच्या अंगवळणीं पडतें. उलट कुर्डुवाडीची घोडी पहांटे ट्रकमध्यें चढते, टेंभुर्णीवरून पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर हेलकावे खाते आणि दुपारच्या आंत परक्या मैदानांत उतरते. तिनें पहिल्या तासांतच शांत असावें, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

ड्रेसाज या फ्रेंच शब्दाचा साधा अर्थ शिक्षण. आंखीव चौकोनांत, ठरलेल्या क्रमानें, घोड्याला स्वाराच्या बैठकीच्या, टाचेच्या व लगामाच्या सूक्ष्म इशाऱ्यांवर चालवून दाखवावयाचें, आणि प्रत्येक हालचालीस परीक्षकानें शून्य ते दहा गुण द्यावयाचे, असा हा प्रकार आहे. २०२३ च्या सप्टेंबरांत हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत भारताच्या चौघां स्वारांनीं यांत सांघिक सुवर्णपदक मिळविलें. त्यांत मुंबईचे हृदय छेडा होते. १९८२ नंतर अश्वारोहणांत भारताला मिळालेलें तें पहिलेंच सुवर्ण. परंतु पदकाच्या परीक्षेंत आणि नवशिक्याच्या परीक्षेंत मैफलीचें गाणें आणि पहिला सरगम यांच्याइतकें अंतर असतें. खालच्या परीक्षांस विलायती घोडाच हवा असेंहि नाहीं. भीमा आणि सीना यांच्या मधल्या या मुलखांत ज्या भीमथडी घोड्यांचें नांव पूर्वापार आहे, त्यांतील चांगल्या चालीचें तट्टूहि ही परीक्षा देऊं शकतें.

निवडीचा प्रश्न येथें येतो. घोडा घरच्या मळ्यांत उत्तम दिवशीं जें करतो, त्यावरून बहुतेक स्वार परीक्षा निवडतात आणि तेथेंच फसतात. घोडा भ्याला असतांहि जें करूं शकतो, तेंच पहिल्या परीक्षेचें माप धरावें. म्हणजे घरीं संथ दौड, ज्याला कँटर म्हणतात, ती ठीक जमत असली तरी पहिली परीक्षा केवळ पाऊलचाल आणि दुडकी यांचीच घ्यावी. इंग्लंडांतील अगदीं प्रारंभींच्या परीक्षा अशाच असतात. अमेरिकेंतील प्रारंभिक परीक्षांपैकीं पहिल्या दोहोंतहि दौड नाहीं. कारण उघड आहे. भ्यालेल्या घोड्याच्या अंगांत पळण्याची ऊर्मि आधींच दाटलेली असते. दौडीचा इशारा म्हणजे त्या ऊर्मीला दार उघडून देणें.

यानंतर परीक्षेचा कागद हातीं घेऊन तिचा मार्ग बोटानें गिरवावा. मैदान ४० मीटर लांब व २० मीटर रुंद असतें. कडेला अक्षरें मांडलेलीं असतात. ए जवळून प्रवेश होतो व समोर सी जवळ परीक्षक बसतो. वर्तुळें २० मीटर व्यासाचीं, म्हणजे मैदानाच्या पूर्ण रुंदीचीं असावींत. त्याहून लहान वर्तुळांत ताठरलेल्या घोड्याचा तोल जातो. चाल बदलण्याची जागा नेमक्या अक्षरावर आहे कीं दोन अक्षरांच्या दरम्यान, हें अवश्य पाहावें. दरम्यान असेल तर घोडा शांत होईतों स्वाराला चार पावलांची सवड मिळते. थांबण्याचे प्रसंग मोजावे. बुजऱ्या घोड्याला निश्चल उभें राहणें हें चालण्याहून कठीण जातें, आणि प्रवेश होतांच परीक्षकासमोर थांबावयाचें असेल तर तें सर्वांत कठीण. केवळ शेवटीं थांबावयाचें असेल अशी परीक्षा मिळाली तर तीच घ्यावी.

लांब लगामावरची मोकळी पाऊलचाल मात्र वरवर सोपी वाटते आणि फसविते. लगाम सैल होतांच घोडा मान लांबवून विसांवेल, अशी कल्पना असते. बुजरा घोडा त्याच क्षणीं मान उंच करून क्षितिज न्याहाळूं लागतो. पुष्कळ परीक्षांत या चालीचे गुण दुप्पट धरले जातात. म्हणून ती दुडकीच्या लगेच मागून येते कीं थोड्या विसांव्यानंतर, हें पाहून ठेवावें, आणि घरीं परक्या माणसांच्या, छत्र्यांच्या, वाळत घातलेल्या लुगड्यांच्या शेजारून तिचा सराव करावा. संपूर्ण परीक्षा मात्र घरीं पुन्हां पुन्हां म्हणून घेऊं नये. घोडा क्रम पाठ करतो आणि मग इशाऱ्याची वाट पाहत नाहीं.

स्वाराच्या मनावरचा भार हलका करण्यास थोडें गणित उपयोगी पडतें. एखाद्या परीक्षेंत वीस हालचाली व प्रत्येकीस दहा गुण धरले तर एकूण २०० होतात. घोडा कुंडीपाशीं बुजला आणि त्या हालचालीस सहाऐवजीं चारच गुण पडले, तर गेले दोनशांतले दोन, म्हणजे शेंकडा एक. एवढ्यासाठीं लगाम खेंचून, टाचा मारून पुढच्या पांच हालचाली बिघडविण्यांत कांहीं अर्थ नाहीं. मैदानाबाहेर चारी पाय गेले तर मात्र घोडा बाद ठरतो, एवढें ध्यानांत असावें. क्रम विसरण्याची धास्ती असणाऱ्यानें परीक्षा मोठ्यानें वाचून दाखविणारा माणूस कडेला उभा करतां येतो कीं नाहीं, हें आयोजकांस आधीं विचारावें. खालच्या परीक्षांत ही मुभा बहुधा असते. दुडकींत रिकिबीवर उठून बसण्यास परवानगी आहे कीं नाहीं, हेंहि विचारावें. बसक्या दुडकींत घाबरलेला स्वार ताठरतो आणि त्याचा ताठरपणा खोगिरांतून घोड्याला कळतो.

बुजण्याचें मूळ दुखण्यांतहि असूं शकतें. दांत, पाठ, डोळे आणि खोगिराची बैठक यांची पशुवैद्याकडून व जाणत्या माणसाकडून तपासणी झाल्यावांचून नांव नोंदवूं नये. गुंगीचें औषध देऊन घोडा शांत करणें नियमांत बसत नाहीं, आणि स्वाराच्या जिवालाहि तें धोक्याचें आहे.

स्पर्धेच्या आधीं एकदां, नुसतें जाऊन यावें. शक्य तर ओळखीचा एक शांत घोडा बरोबर न्यावा. कळपांतला सोबती चरतांना दिसला कीं बुजऱ्याचा श्वास आपोआप मंदावतो. तेथें हातीं धरून फिरवावें, गवत घालावें, पाणी पाजावें आणि स्वार न होतां परत यावें. कांहीं ठिकाणीं स्पर्धेबाहेरचा म्हणून परीक्षा देण्याची सोय असते; तीहि उत्तम.

परीक्षेच्या दिवशीं घंटा होण्यापूर्वीं मैदानाच्या बाहेरून फेरी घेतां येते. घंटेनंतर प्रवेशास सामान्यतः ४५ सेकंद मिळतात. हा वेळ फार मोलाचा आहे. परीक्षकाच्या छपरावरून एकदां डावीकडून व एकदां उजवीकडून घोडीला न्यावें. एका डोळ्यानें पाहिलेली वस्तु दुसऱ्या बाजूनें आली कीं घोड्याला ती पुष्कळदां नवीच वाटते. कुंडी दिसली तर तिच्याकडे तोंड वळवून उभें करण्याऐवजीं मान किंचित् आंत घेऊन पुढें चालत राहावें. आणि तरीहि घोडी आवरेनाशी झाली, तर परीक्षकाला नमस्कार करून मैदान सोडतां येतें. नियमांत त्याची तरतूद आहे व त्यांत कमीपणा नाहीं.

परीक्षा पार पडली, तर गुणपत्रिका घेऊन संध्याकाळीं कुर्डुवाडीस परतावें. पुढच्या खेपेस वरची परीक्षा घेण्याचा मोह होईल. तेव्हां हीच परीक्षा दुसऱ्या मैदानावर, दुसऱ्या कुंड्यांमध्यें, आणखी दोन-तीनदां द्यावी.