जैसलमेर कसे पाहावे?

राजस्थानच्या पार पश्चिमेला, पाकिस्तानच्या सीमेआधीचे शेवटचे मोठे शहर म्हणजे जैसलमेर. वर्षाकाठी सरासरी दोनशे मिलिमीटरही पाऊस इथे पडत नाही. महाबळेश्वरात जुलैतल्या एखाद्या दिवशी तेवढा पडून जातो. अशा जागी आठ-साडेआठ शतके माणसे नुसती राहिली नाहीत, तर श्रीमंत झाली. ती कशी, हे डोक्यात ठेवून गाव पाहिले तर दिसते वेगळे.

आपल्याकडच्या सहलींचा जैसलमेरचा बेत ठरलेला असतो: सकाळी किल्ला, दुपारी हवेल्या, संध्याकाळी समच्या वाळूत उंट आणि दुसऱ्या दिवशी जोधपूरची वाट. या बेतात वाळूला फार वेळ मिळतो आणि गावाला फार कमी. गावाला दोन पूर्ण दिवस, सीमेला एक आणि वाळूला एक संध्याकाळ, अशी वाटणी मला योग्य वाटते.

मोक्याची जागा

भाटी राजपुतांची जुनी राजधानी लोद्रवा, इथून पंधराएक किलोमीटरवर. ती सोडून रावल जैसल याने ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर किल्ला बांधायला घेतला. जमीन पिकाऊ नव्हती, पण सिंध, मुलतान आणि त्यापलीकडे जाणारे उंटांचे तांडे इथूनच जात. अफू, रेशीम, सुका मेवा, नीळ असा माल जायचा-यायचा आणि त्यावर जकात बसायची. जैसलमेरचे वैभव या जकातीचे आणि सावकारीचे.

हल्ले झालेच. इथले लोक ‘अडीच साके’ सांगतात: दोनदा पुरुष केशरी वस्त्रे नेसून अखेरच्या लढाईत पडले आणि स्त्रियांनी जोहार केला, तिसऱ्या वेळी जोहाराला सवडच मिळाली नाही, म्हणून तो अर्धा. मराठ्यांच्या फौजा राजस्थानात बऱ्याच ठिकाणी चौथाई वसूल करत फिरल्या, पण या आडजागी त्यांचा उपद्रव पोचला नाही. गावाला खरा फटका बसला तो मुंबई बंदराचा. माल समुद्रमार्गे जाऊ लागला आणि तांडे रोडावले. १९४७ च्या फाळणीने उरलीसुरली वाट बंद केली. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनंतर मात्र लष्कर आले, रस्ते आले आणि त्यांच्या मागोमाग पर्यटक.

किल्ला: चौकापासून चढायला लागा

किल्ल्याखालच्या गोपा चौकात थोडे थांबा. सागरमल गोपा यांनी संस्थानी जुलमाविरुद्ध लिहिले, त्यांना १९४१ मध्ये अटक झाली आणि एप्रिल १९४६ मध्ये जैसलमेरच्या तुरुंगात भाजून त्यांचा मृत्यू झाला. गाईड राजेरजवाड्यांच्या कथा रंगवून सांगतात. गोपांचे नाव आपणहून घेणारा क्वचित.

अखै पोल, सूरज पोल, गणेश पोल आणि हवा पोल असे चार दरवाजे ओलांडत चढ संपतो आणि दशहरा चौक लागतो. किल्ल्याला ९९ बुरूज आहेत. त्यांतले बहुतेक सतराव्या शतकातले. तटावर ठेवलेले दगडी गोळे शोभेचे नाहीत. शत्रू चढू लागला की ते खाली लोटायचे.

आपल्या गडकिल्ल्यांवर फिरलेल्या माणसाला इथे चकित करते ती आतली वस्ती. हजारो लोक आजही किल्ल्यात राहतात. गल्लीत गाय आडवी येते, कुकरची शिट्टी ऐकू येते, कुणाच्या ओट्यावर वाळवण असते. कितीतरी घरांच्या दाराशेजारी भिंतीवर गणपती रंगवलेला दिसेल. घरात लग्न असले की तो काढतात आणि खाली वधूवरांची नावे व तारीख लिहितात. पत्रिका जणू भिंतीवरच. नवा गणपती, फिकट झालेला गणपती पाहत गेले तर कोणत्या घरात अलीकडे कार्य झाले ते कळते.

जैन मंदिरांसाठी सकाळ राखून ठेवा. पर्यटकांना ती सहसा दुपारपर्यंतच पाहायला मिळतात. पिवळ्या दगडातले कोरीवकाम पाहावेच, पण तिथल्या ज्ञानभांडाराचेही महत्त्व आहे. ताडपत्रावरची अतिशय जुनी जैन हस्तलिखिते या कोरड्या हवेत शतकानुशतके टिकली.

आता मुक्कामाचे. किल्ल्यात हॉटेले पुष्कळ आहेत आणि झरोक्यातून सूर्योदय बघायचा मोहही होतो. तरी खोली किल्ल्याखालीच घ्या. पूर्वी पाणी घागरीने वर यायचे आणि जपून वापरले जायचे. नळ आणि संडास आल्यावर पाण्याचा वापर कित्येक पटींनी वाढला, गळके पाणी पायाच्या मातीत मुरू लागले आणि १९९० च्या दशकात काही बुरूज ढासळले. धोक्यातल्या वास्तूंच्या जागतिक यादीत किल्ल्याचे नाव गेले. राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांबरोबर २०१३ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, म्हणून पाणी मुरायचे थांबत नाही.

हवेल्या

पटवा घराण्याच्या पाच हवेल्या सर्वांत प्रसिद्ध. जरीच्या व्यापारात आणि सावकारीत मिळवलेला पैसा १८०५ पासून काही दशके या दगडांत ओतला गेला. दिवाण सालिम सिंहाची हवेली वर रुंद होत जाते आणि माथ्यावर मोरांची रांग आहे.

माझी पसंती मात्र नथमलच्या हवेलीला. १८८५ ची ही वास्तू हाथी आणि लालू या दोन कारागीर भावांनी वाटून घेतली. एकाने डावी बाजू कोरली, दुसऱ्याने उजवी. लांबून दोन्ही बाजू सारख्या वाटतात. जवळ जाऊन एकेक फूल, एकेक जाळी ताडून पाहा, फरक सापडत जातात. मुले बरोबर असतील तर त्यांना हे काम सोपवा.

पाण्याचे शहाणपण

गडीसर तलाव चौदाव्या शतकात रावल गडसीने बांधवून घेतला असे मानतात आणि नळ येईपर्यंत गावाची तहान त्यावरच भागत असे. तलावाची कमान टीलों नावाच्या गणिकेने उभारली, ती राजघराण्याला खपेना. म्हणून तिने वर देऊळ बांधले आणि कमान पाडणे अशक्य करून टाकले, अशी कथा आहे. जवळच्या डेझर्ट कल्चर सेंटरमध्ये संध्याकाळी कठपुतळ्यांचे खेळ होतात, तेही चुकवू नका.

अठराएक किलोमीटरवरचे कुलधरा ‘भुताचे गाव’ म्हणून विकले जाते. सालिम सिंहाची नजर गावातल्या मुलीवर पडली आणि पालीवाल ब्राह्मण एका रात्रीत गाव सोडून गेले, ही कथा सगळे सांगतात. आटत गेलेले पाणी आणि डोईजड कर ही कारणे अभ्यासक देतात, ती मला अधिक पटतात. भुतांपेक्षा पालीवालांचे ‘खडीन’ समजून घ्या. खडकाळ उतारावरचे पावसाचे पाणी सखल भागात येते; तिथे मातीचा लांब बांध घालायचा. पाणी साचते, मुरते, गाळ बसतो आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा. दोनशे मिलिमीटरच्या आत गहू! जैसलमेर जिल्ह्यात खडिनांवर आजही शेती होते. गाडीवाल्याला भुताऐवजी खडीन दाखवायला सांगा.

गाणे कुठे ऐकावे

मनोरंजनाची इथली खरी मिरास मांगणियारांकडे आहे. हे मुसलमान गायक, आणि त्यांचे यजमान बहुतांशी राजपूत. घरात मूल जन्मले, लग्न ठरले की पिढीजात मांगणियार येऊन गाणार, यजमानाच्या पूर्वजांची नावे घेणार. कृष्णाची पदेही गातात, सूफी कलामही. लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी यांनी या मंडळींना देशापरदेशांतल्या रंगमंचांवर नेले.

वादक जवळून पाहता आला तर कमायचा पाहा: लाकडाचा गोल पेला, त्यावर ताणलेले बकऱ्याचे कातडे, आतड्याच्या तारा आणि गज. आवाज जाडसर, किंचित घोगरा. हामीरा गावचे साकर खान हे या वाद्याचे मोठे नाव. त्यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. खडताल म्हणजे दोन्ही हातांत दोन-दोन लाकडी पट्ट्या, कशानेही न बांधलेल्या. सगळी करामत बोटांची.

समच्या तंबूंमध्ये हे सगळे ऐकायला मिळते, पण अर्ध्या तासात डीजे सुरू होतो. तंबू ठरवतानाच स्पष्ट विचारा: गाणे माईकशिवाय होईल का, सिनेमाची गाणी लागणार का? कालबेलिया नृत्य युनेस्कोच्या यादीत २०१० मध्ये गेले. त्यानंतर तंबूवाल्यांची जाहिरात वाढली, दर्जाची हमी नाही.

वाळू आणि माळढोक

सम चाळीसेक किलोमीटरवर. गर्दी, जीप, उंट, गोंगाट. दक्षिणेकडचे खुरी तुलनेने शांत. एक संध्याकाळ कुठेही पुरते.

याच पट्ट्यात डेझर्ट नॅशनल पार्क आहे आणि माळढोकाचा शेवटचा मोठा आसरा. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य असूनही तो आपल्याकडून जवळजवळ गेला. जगात उरलेले बहुतेक माळढोक जैसलमेर जिल्ह्यातच आहेत. विजेच्या तारांना धडकून ते मरतात आणि इथल्या माळांवर पवनचक्क्या व सौरऊर्जेच्या तारांचे जाळे वाढते आहे. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

सीमेकडे

तनोट सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. सकाळी लवकर निघा, वाटेत फारसे काही मिळत नाही. तनोटमातेच्या देवळाची व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहते. १९६५ मध्ये इथे पडलेले तोफगोळे फुटले नाहीत अशी श्रद्धा आहे आणि तसे काही गोळे देवळात मांडलेले आहेत. प्रत्यक्ष सीमेपर्यंत जायला वेगळी परवानगी लागते. नियम बदलतात, जैसलमेरातच चौकशी करा.

परतताना लोंगेवाला. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाबचे सुमारे १२० जवान यांनी रणगाड्यांचा हल्ला सकाळपर्यंत थोपवून धरला. रात्री उडण्याची सोय नसलेली हंटर विमाने पहाटे जैसलमेरहून आली आणि वाळूत रुतलेले रणगाडे त्यांनी टिपले. ‘बॉर्डर’ हा १९९७ चा चित्रपट पाहून गेलात तर एक ध्यानात ठेवा: पडद्यावर जवान धडाधड पडतात; प्रत्यक्षात आपले दोन जण गेले. चित्रपटात हुतात्मा दाखवलेले भैरोंसिंह तर २०२२ पर्यंत हयात होते.

जाणे, खाणे, हंगाम

वांद्रे टर्मिनसहून आठवड्यातून एकदा थेट गाडी आहे. एरवी जोधपूरला उतरून पुढे रेल्वेने किंवा रस्त्याने पाच-सहा तास. विमानांचे वेळापत्रक हंगामानुसार बदलते. खाण्यात केर-सांगरीची भाजी आणि बाजरीची भाकरी घ्या, गोडात घोटुआ लाडू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम. रात्री चांगलीच थंडी असते, स्वेटर हवाच.

माघ शुद्ध त्रयोदशी ते पौर्णिमा मरु महोत्सव भरतो: उंटांच्या शर्यती, फेटे बांधायची आणि मिशांची स्पर्धा. त्या दिवसांत खोल्या महागतात आणि मिळेनाशा होतात. मिशा पाहायच्या असतील तर बरेच आधी आरक्षण करा; गाव पाहायचे असेल तर ते तीन दिवस सोडून जा.