चर पाणी ओढत नाही

पाऊस उघडून चार दिवस झाले तरी परसात पाय रुततो, पपईची पानं पिवळी पडतात, भिंतीच्या पायथ्याला ओल धरते. अशा जागी चर खणून खडी भरली की ती पाणी ओढून घेते, असा समज आहे. खरं तर ओढून धरते ती माती. खडी नुसती वाट देते.

चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक. कणांमधल्या फटींत केशाकर्षणानं पाणी घट्ट धरलेलं असतं. २० मिलिमीटरच्या खडीतल्या पोकळ्यांत ही ओढ जवळपास नसतेच. त्यामुळे मातीतल्या फटी काठोकाठ भरून पाण्याचा दाब तयार झाला, तरच ते चरात उतरतं.

घरी करून पाहा. भांडी घासायचा स्पंज भिजवून चाळणीवर आडवा ठेवा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागतं. वाढली ती फक्त उंची. वरच्या पाण्याचा भार वाढला आणि मातीसारखीच स्पंजाची पकड सैल झाली. वीतभर चर खणून परस कोरडं होत नाही, ते यामुळेच. दीड-दोन फूट खोली हवी.

तळाला दर मीटरला किमान १ सेंटीमीटर उतार द्यावा. आत जिओटेक्स्टाइल कापड अंथरावं, नाहीतर बारीक माती खडीत शिरून चर बुजतो. थोडी खडी टाकून त्यावर सच्छिद्र पाइप ठेवावा, भोकं खालच्या बाजूला. चरात पाणी तळापासून चढतं. भोकं वर असतील तर पाइप बुडेपर्यंत ते आत शिरणार नाही.

निचऱ्यानं झाडं तहानेली राहतील ही भीती नको. केशाकर्षणानं धरलेलं पाणी मुळांसाठी उरतंच, जातं ते फाजील पाणी. त्याच्या जागी हवा येते. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, म्हणून साचल्या पाण्यात मुळं गुदमरतात.

अमेरिकेतले न्यायाधीश हेन्री फ्लॅग फ्रेंच यांनी १८५९ मध्ये शेतनिचऱ्यावर पुस्तक लिहिलं. अशा चराला ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणतात ते त्यांच्यावरून. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठच्या काळ्या जमिनी उसाला बेसुमार पाणी दिल्यानं क्षारपड झाल्या. तिथंही जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकतात आणि पाण्याबरोबर क्षारही बाहेर निघतात.

सगळा खेळ उंचीच्या फरकाचा असल्यामुळे खोदाईआधी चराचं तोंड कुठे सोडायचं ते ठरवा. ती जागा चराच्या तळापेक्षा खाली हवी, शेजाऱ्याच्या भिंतीशी नको. गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल नळी दोन्ही टोकांना धरली की फरक लगेच कळतो. तो पुरेसा नसेल, तर कितीही खडी ओता, चराचं डबकंच होईल.