संत्र्याच्या वासावर टपलेली बुरशी

संत्र्याची साल दुमडून कुणाच्या तरी डोळ्यात पिचकारी मारलीच नाही, असं कोण आहे तुमच्यात? डोळे चुरचुरतात ते सालीतल्या तेलामुळे. साल उजेडात धरून पाहा, बारीक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या इवल्या इवल्या पिशव्या! या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त असतं लिमोनीन नावाचं द्रव्य.

आता मला सांगा, एवढं झोंबरं तेल अंगभर असलेलं फळ सडतं कसं? पण सडतं. नागपुरी संत्र्यांच्या पेटीत एखादं संत्रं आधी मऊ, पाणचट होतं. मग त्यावर पांढरी लव येते आणि पाठोपाठ हिरवी पूड. बोट लावलं की भुर्रकन उडते. ही पेनिसिलियम डिजिटॅटम नावाची बुरशी. (हो, १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगना ज्या बुरशीमुळे पेनिसिलिनचा शोध लागला, ती हिच्याच घराण्यातली. पण घराणं चांगलं म्हणून सगळे गुणी निघतात थोडेच!) ती पूड म्हणजे तिचे बीजाणू. एका सडक्या संत्र्यावर ते शंभर कोटींहून जास्त असू शकतात.

धडधाकट साल मात्र हिला फोडता येत नाही. तिला लागते जखम. फळ झाडावरून ओरबाडून तोडलं, देठापाशी साल फाटली, नख लागलं, पेटीत घासलं, की झालं! म्हणून संत्री कात्रीने कापून उतरवावीत असं सांगतात. आणि खरी गंमत पुढेच आहे. जखम झाली की सालीतलं तेल बाहेर येतं, वास सुटतो. त्या वासाने बुरशी पळायला हवी ना? शास्त्रज्ञांना दिसलं ते उलटंच. हा वास आला की या बुरशीचे बीजाणू जास्त जोमाने रुजतात! लिंबू-संत्र्यांवरच पोसलेली बुरशी ती, तिला हा वास म्हणजे जेवणाची वर्दी.

मग काय करायचं? दुसऱ्या झाडाचं तेल आणायचं! ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल, गवती चहातलं सिट्रल यांच्यापुढे हिची डाळ शिजत नाही. मोहरी फेसताना नाकात झिणझिण्या आणणारी वाफसुद्धा बुरशीला सोसत नाही. बुरशीच्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं. तेल त्यात सहज मुरतं आणि आवरण ढिलं पडतं. मग भोक पडलेल्या पाण्याच्या पिशवीसारखी पेशी गळायला लागते.

तर मग सगळी संत्री लवंगेच्या तेलात बुचकळून काढू या? थांबा, थांबा! तेल जास्त झालं तर सालच भाजते. कमी झालं तर ते उडून जातं. आणि लवंगेच्या वासाचं संत्रं तुम्ही खाल का? मी तरी नाही खाणार. म्हणून संशोधक फळांवर चढवायच्या मेणाच्या पातळ थरात तेलाचे अगदी सूक्ष्म थेंब मिसळून बघतात, म्हणजे तेल हळूहळू बाहेर पडतं. युरोपात साठवलेल्या सफरचंदांना लवंगेच्या तेलाची धुरी देतातही. एवढा खटाटोप अशासाठी, की इमाझॅलिलसारख्या नेहमीच्या बुरशीनाशकांना काही ठिकाणची हिरवी बुरशी आता दाद देत नाही.

तुम्हालाही एक प्रयोग करता येईल. भाकरीचे दोन सारखे तुकडे दोन पारदर्शक डब्यांत ठेवा. एका डबीत भरडलेल्या ओव्याची पुरचुंडी ठेवा, भाकरीला न चिकटेल अशी. झाकणं घट्ट लावा आणि कुठला तुकडा आधी बुरसतो ते रोज लिहून ठेवा. बुरशी आली की मात्र झाकण उघडायचं नाही. डबी तशीच मोठ्यांच्या हातात द्या.